सगळ्यांना जोडणाराच दुवे का तोडतो?

प्रत्येक जण स्वतःचा फायदा पाहून ओळखी जोडतो, तर सगळ्यांच्या फायद्याचं जाळं आपोआप का तयार होत नाही आणि त्यात वजन कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. गणित करून पाहा.

जॅक्सन आणि वोलिन्स्की या अर्थशास्त्रज्ञांच्या १९९६च्या मॉडेलमध्ये दुवा, म्हणजे दोघांमधली थेट ओळख, जोडायला दोघांचा होकार लागतो, तोडायला एकाची इच्छा पुरते. सगळी मेख इथेच आहे. समजा, थेट ओळखीचा फायदा ०.५, ओळखीच्या ओळखीचा ०.२५, आणि दुवा टिकवायचा खर्च दोन्ही टोकांना प्रत्येकी ०.६. पाच जण आहेत. एक मध्ये, चौघे फक्त त्याच्याशी जोडलेले.

कडेच्या प्रत्येकाला मिळतात ०.५ + ३ × ०.२५ − ०.६ = ०.६५. मधल्याला ४ × (०.५ − ०.६) = −०.४. एकूण बेरीज २.२, आणि या आकड्यांवर याहून चांगली रचना नाही. तरीही ती टिकत नाही. प्रत्येक दुवा तोडताना मधल्याचे ०.१ वाचतात, कडेच्यांचं काय जातं, हे त्याच्या हिशेबात येतच नाही. शेवटी सगळे सुटे, बेरीज शून्य. (खर्च ०.२५च्या खाली असता तर सगळे सगळ्यांशी जोडले गेले असते आणि तेच उत्तम ठरलं असतं.)

उपाय म्हणजे कडेच्यांनी मधल्याला भरपाई द्यायची. प्रत्येकी ०.१५ दिले की मधला ०.२ वर येतो, कडेच्यांकडे ०.५ उरतात. भरपाई ज्याची त्याने आपल्या दुव्यापोटी द्यावी. सामायिक वर्गणी काढली तर न देणाऱ्यालाही फायदा मिळत राहतो, आणि मग प्रत्येकाला न देण्याचा मोह होतो.

भरपाई नसतानाही काही लोक मध्ये का राहतात? माझ्या मते बऱ्याचदा प्रभावासाठी. मतं कशी पसरतात हे दाखवणाऱ्या, संख्याशास्त्रज्ञ डीग्रूटच्या १९७४च्या मॉडेलनुसार प्रत्येक जण दर फेरीला स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या मतांची सरासरी घेतो. सगळ्यांना समान वजन दिलं तर अंतिम मतात मधल्याचा वाटा ५/१३, म्हणजे सुमारे ३८ टक्के. कडेच्या प्रत्येकाचा २/१३.

पण दुवे मोजून प्रभाव ठरवू नका, कोण कुणाचं किती ऐकतो ते पाहा. कडेचा एकच माणूस स्वतःचं मत अजिबात न बदलणारा निघाला, तर फेऱ्या वाढत जातील तसे बाकी चौघे त्याच्याच मताकडे सरकतात आणि मधल्याचा वाटा शून्यावर येतो. असे हटवादी दोन असले आणि त्यांची मतं वेगळी असली, तर एकमत कधीच होत नाही.