१५ वर्षांची डिझेल लोगान: ८६ हजार घालून ठेवायची की हप्त्यावर नवी घ्यायची?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेला गॅरेजच्या एस्टिमेटचा फोटो दोन्ही नीट वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नाशिक रोडच्या एक शिक्षिका, वय ५४, अनुदानित शाळेत १९९८पासून नोकरी, निवृत्तीला ४ वर्षं. पतीची अँजिओप्लास्टी झालेली आहे. दर रविवारी सासूबाईंना भेटायला सिन्नरला जाणं असतं. गाडी महिंद्रा-रेनो लोगान, दीड लिटर डिझेल, १ लाख ६४ हजार किलोमीटर झालेली. येत्या २४ नोव्हेंबरला नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होतील. गॅरेजने ८६,५०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय आणि त्याच आठवड्यात मुलाने शोरूममधून साडेदहा लाख ऑन रोडचं कोटेशन आणलंय. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आल्यामुळे शोरूमवाले रोज फोन करतायत. २ लाख रोख आणि ८ लाख ५० हजारांचं कर्ज, ९ टक्क्यांनी ७ वर्षं. "७० हजारांच्या गाडीवर ८६ हजार घालणं शहाणपणाचं आहे का?" असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. गाडी ठेवा, पासिंग करून घ्या, आणखी ५ वर्षं चालवा. पण या एस्टिमेटवर डोळे झाकून हो म्हणू नका.

तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे. गाडी विकली तर किती येतील, याच्याशी दुरुस्तीचा खर्च ताडून बघायचा नसतो. ही दुरुस्ती केली नाही तर तीच कामं भागवायला दुसरीकडे किती जातील, ते बघायचं. सिन्नर, दवाखाना, बाजार, वर्षातून दोनदा मुंबई, असं मिळून तुमचं वर्षाचं धावणं ७ हजार किलोमीटर आहे. तेवढं धावणं कशात स्वस्त पडतं, एवढाच हिशेब मांडायचाय.

मुलाच्या मनातली भीती आधी दूर करू. "१० वर्षांनी डिझेल गाडी बंदच होते" असं तो म्हणतो. तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे. हरित लवादाच्या २०१५च्या आदेशातून तो आला आणि २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. महाराष्ट्रात १५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून, तपासणीत पास करून, आरसी ५ वर्षांनी वाढवून मिळते. मोटारीला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. पर्यावरण कर, पीयूसी आणि किरकोळ धरून १० हजार बाजूला ठेवा. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे तुमची खिडकी उघडलेलीच आहे. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, अजून बसवली नसेल तर तीही आत्ताच उरकून घ्या.

आता गाडीकडे येऊ. रेनो आणि महिंद्राचा करार २००५चा, गाडी २००७मध्ये बाजारात आली आणि ती तुमच्याच नाशिकच्या कारखान्यात बनली. २०१०मध्ये रेनो बाहेर पडली, पण हीच गाडी पुढे व्हेरिटो नावाने चालू राहिली. खर्चाच्या दृष्टीने हा इतिहास महत्त्वाचा आहे. फ्रेंच गाडी म्हटली की पार्ट मिळत नाहीत या धास्तीने लोक ती भंगाराच्या भावात काढतात. तुमच्या बाबतीत ती धास्ती खरी नाही. हेच दीड लिटरचं रेनोचं इंजिन डस्टर, टेरॅनो, स्काला, सनी, मायक्रामध्येही होतं, ताकद कमीजास्त एवढाच फरक. बॉडीचे आणि सस्पेन्शनचे पार्ट व्हेरिटोमुळे मिळतात, इंजिनावर हात बसलेले मेकॅनिकही आहेत. शिवाय तुमच्या गाडीत डीपीएफ नाही. नव्या डिझेल गाड्या गावातल्या गावात फिरवल्या की धुराची ती जाळी तुंबते आणि मोठं बिल येतं. तुम्हाला ती कटकट नाही.

एस्टिमेटमध्ये पाच ओळी आहेत. टायमिंग बेल्ट किट आणि वॉटर पंप १४,०००. क्लच सेट १६,५००. पुढचे शॉकअप, लोअर आर्म, बुश १५,०००. चारही इंजेक्टर रिपेअर २४,०००. पूर्ण डेंटिंग-पेंटिंग १७,०००.

बेल्टवर घासाघीस नको. शेवटचा कधी बदलला ते तुम्हाला आठवत नाही आणि बिलही सापडत नाही, म्हणजे तो बदललेलाच नाही असं धरून चाला. या इंजिनात टायमिंगला साखळी नसून रबरी बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि १४ हजारांचं काम हेड खोलण्यापर्यंत जातं. रबराला किलोमीटरइतकंच वयही लागतं, त्यामुळे "गाडी कमी चालते" हे उत्तर इथे चालत नाही. मी हे पोटतिडकीने लिहितोय, कारण माझ्या आधीच्या गाडीचा बेल्ट इगतपुरीच्या अलीकडे तुटला होता. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली, मागून ट्रक येतायत आणि स्टार्टर मारला की इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही. बेल्ट बदलायचं काम मी दोन वर्षं पुढे ढकललं होतं. किट घेताना बेल्टबरोबर टेन्शनर आणि पुली आहे ना, हे डबा उघडून स्वतः बघा. जुना बेल्ट परत मागून घ्या आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या.

क्लचबद्दल तुम्ही लिहिलंय की घाटात पेडल जड लागतं आणि जळका वास येतो. मग तेही करा. शॉकअप आणि लोअर आर्म तर सुरक्षेचंच काम आहे.

इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांच्या, २४ हजारांना मात्र थांबा. चारही एकदम दुरुस्त करायला कशावरून सांगितलं, ते विचारा. या इंजिनावर आधी लीक-ऑफ टेस्ट करतात. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त जमतं ते बघायचं. जी बाटली लवकर भरली तो इंजेक्टर दोषी. शेजारी उभं राहून बघा, डोळ्यांना दिसतं. बहुधा एकावर भागेल, म्हणून मी ६,००० धरतो. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर पुन्हा बोलू.

पूर्ण पेंटिंग नको. गंज आलेल्या जागा खरवडून भरून घ्या, ४,००० पुरतील.

आणि एस्टिमेटमध्ये जे नाहीच, ते तुमच्या फोटोत दिसतंय. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे आहेत, ३२१७. म्हणजे २०१७ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते, पण ८ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात ब्रेक मारला की कळतं. चारही टायर बदला, १८,००० धरा.

आता बेरीज करा. बेल्ट १४,०००, क्लच १६,५००, सस्पेन्शन १५,०००, इंजेक्टर ६,०००, गंज ४,०००, टायर १८,०००, पासिंग वगैरे १०,०००. एकूण ८३,५००. रक्कम जवळपास तेवढीच राहिली, पण रंगाचे पैसे टायरमध्ये गेले आणि पासिंगही त्यातच बसलं. नव्या गाडीसाठी रोख द्यायच्या एफडीतल्या २ लाखांतून हे दिल्यावर १ लाख १६ हजार हाताशी उरतात. ते घरात अडीअडचणीला लागणारच आहेत.

पुढची ५ वर्षं समोरासमोर ठेवू. जुन्या गाडीला आजचे ८३,५००, दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगला महिना ३,००० म्हणजे १ लाख ८० हजार, आणि थर्ड पार्टी विमा. हजार ते दीड हजार सीसीला त्याचा दर ३,४१६ आणि वर जीएसटी, म्हणजे वर्षाला ४ हजार, ५ वर्षांचे २० हजार. आज ७० हजारांना विकण्याऐवजी ५ वर्षांनी भंगारात २० हजार मिळतील, तो ५० हजारांचा तोटाही प्रामाणिकपणे धरायला हवा. एकूण ३ लाख ३३ हजार ५००.

नव्या गाडीचा हप्ता १३,६७६ येतो. ५ वर्षांत हप्त्यांचे ८ लाख २० हजार आणि सुरुवातीचे २ लाख. दुसऱ्या वर्षापासूनचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून मी १ लाख १२ हजार धरतो. ५ वर्षांनी गाडी साडेपाच लाखांना गेली असं उदारपणे धरलं, तरी २ लाख ९९ हजार कर्ज तेव्हाही शिल्लक असेल. ते फेडून हातात अडीच लाख. म्हणजे निव्वळ खर्च ८ लाख ८० हजारांच्या घरात. दोन्हींत साडेपाच लाखांचा फरक आहे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा माझा अंदाज दुप्पट चुकला तरी तो साडेतीन लाखांच्या खाली जात नाही.

डिझेलच्या बचतीवर मात्र भिस्त ठेवू नका. ७ हजार किलोमीटरला लोगान १७चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर ९१ रुपयांनी साडेसदतीस हजारांचं डिझेल लागेल. नव्या पेट्रोल गाडीला १६च्या अ‍ॅव्हरेजने, १०४ रुपये लिटरने, साडेपंचेचाळीस हजार. फरक वर्षाला ८ हजारांचा. एवढ्या कमी धावण्याला आज कुणी नवी डिझेल घ्यायला निघालं तर मी अडवीन. तुमची घेऊन झालेली आहे, एवढंच.

मला खरी काळजी वाटते ती निवृत्तीची. ५८व्या वर्षी शाळेतून निरोप घ्याल त्या दिवशी या कर्जाचे ४ लाख ३० हजार शिल्लक असतील आणि पुढची ३ वर्षं पेन्शनमधून हप्ता कापला जाईल. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या घरात पेन्शनवर गाडीचा हप्ता नसावा, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही म्हणता, हप्ता झेपेल. मग तेच १३,६७६ पुढच्या महिन्यापासून वेगळ्या वाटेने काढा. ८,००० पोस्टाच्या ५ वर्षांच्या आरडीत. आजच्या ६.७ टक्क्यांनी मुदतीअखेर ५ लाख ७० हजार होतात. आरसीही ५ वर्षांचीच वाढून मिळणार आहे, दोन्ही एकदम संपतील. तेव्हा गाडी घ्यायची झालीच, तर छोटी गाडी जवळजवळ रोखीने येईल. आरडीचं शेवटचं वर्ष पेन्शनमधून भरावं लागेल, ते आत्ताच लक्षात ठेवा. ३,००० गाडीच्या नावाने वेगळ्या बचत खात्यात. राहिलेले २,६७६ साहेबांच्या औषधपाण्याच्या खात्यात.

गाडीच्या खात्याला एक मर्यादाही आखून ठेवा, आणि ती आत्ता, डोकं थंड असताना. एका वेळचं बिल ४० हजारांच्या वर गेलं किंवा सहा महिन्यांत दोनदा गाडी रस्त्यात बंद पडली, तर पुढे एक रुपया घालू नका. विशेषतः डिझेलच्या हाय प्रेशर पंपात धातूचा चुरा निघाला असं मेकॅनिक म्हणाला तर तिथेच थांबा. तो चुरा रेल आणि इंजेक्टरपर्यंत जातो, टाकीपासून सगळं साफ करावं लागतं आणि बिलाला अंत राहत नाही. अशा वेळी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. ती वेळ यायला नको असेल तर दरवर्षी न चुकता इंजिन ऑइल बदला, किलोमीटर झाले नसले तरी. युरोपात या इंजिनाच्या क्रँकची बेअरिंग खराब झाल्याच्या तक्रारी होत्या, त्या ऑइल लांबवणाऱ्यांच्या गाड्यांत जास्त दिसल्या.

मुलाची एक गोष्ट मात्र रास्त आहे आणि ती पैशात मोजता येत नाही. तुमच्या मॉडेलला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. नव्या गाडीत ते असेल. हा फरक मी साडेपाच लाखांच्या आकड्याखाली दडपणार नाही. दिवसाउजेडी सिन्नर, दवाखाना, बाजार यासाठी मी तुमच्या जागी असतो तर ही गाडी वापरली असती. रात्रीचा हायवे आणि कसारा घाट यासाठी नाही. मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने जा, तिकडे टॅक्सी करा. वर्षातल्या दोन फेऱ्यांसाठी साडेदहा लाखांची गाडी लागत नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, सासूबाईंनीसुद्धा.

चार लाखांची सेकंडहँड पेट्रोल गाडी हा मधला मार्ग तुम्ही सुचवलाय. मला तो पटत नाही. तुमच्या लोगानची प्रत्येक खोड तुम्हाला ठाऊक आहे, त्या गाडीची एकही नसेल.

विम्यात थर्ड पार्टीबरोबर मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असल्याची खात्री करा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा या किमतीला सोडला तरी चालेल.

आता क्रम. सोमवारी बेल्टसाठी गाडी लावा, तिथेच लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. मग टायर आणि सस्पेन्शन, त्यानंतर अलाइनमेंट, आणि धूर तपासून पीयूसी झाल्यावरच आरटीओची तारीख घ्या. बेल्ट बदलून होईपर्यंत गाडी गावाबाहेर काढू नका. या रविवारी सिन्नरला एसटीने जा.