घर बदलताना जुनं फर्निचर जबाबदारीने कसं काढावं?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात घर बदलायचंय. सोफा, गादी, पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट आणि एक जुना लाकडी पलंग नव्या घरात मावणार नाही, तेव्हा "कुणा गरजूला देऊन टाकावं, म्हणजे कचराही होणार नाही". त्या "देऊन टाकावं"पाशी मी अडखळले. देणं वेगळं आणि टाकणं वेगळं. आमच्या घरी ही दोन्ही कामं एकदा एकाच खेपेत झाली होती.

मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. आम्ही नुकतेच वेगळे राहायला लागलो होतो, बाहेरच्या खोलीत एक चटई सोडली तर काही नव्हतं. दादाने नवा सोफा घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवला, गाडीभाडंही त्यानेच दिलं. मरून रंगाचा, तीन माणसं बसतील असा, वरून अगदी स्वच्छ. दादाचा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते.

आठवड्याभरात मुलीच्या पोटरीवर लाल गांधी उठल्या, एका ओळीत तीन-चार. आम्हाला वाटलं डास. मच्छरदाणी लावली तरी थांबेना. शेवटी एका रात्री नवऱ्याने सोफा उलटा केला. बुडाला पिना मारून लावलेलं काळं कापड असतं, ते एका कोपऱ्यातून सोडवलं. आतल्या चौकटीच्या सांध्यात शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके, पातळ पिवळसर काती, आणि टॉर्चचा उजेड पडताच फटीत सरकणारे ढेकूण. तोवर ते आमच्या पलंगातही पोचले होते. तीनदा फवारणी, घरातला प्रत्येक कपडा कढत पाण्यातून काढणं, आणि तान्ही मुलगी घेऊन दुसऱ्यांच्या घरी मुक्काम. चार महिने गेले त्यात.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "धर्माची गाय आणि दात का गं नाहीत?" आईनेही त्याचीच बाजू घेतली. म्हणे, एवढ्या मायेने दिलं आणि ही नावं ठेवते. घेणाऱ्याने दात मोजू नयेत, हे मला मान्य आहे. पण देणाऱ्याने ते मोजलेच पाहिजेत, आणि गाय दारात नेऊन बांधायच्या आधी. एवढंच माझं म्हणणं होतं, आजही आहे.

म्हणून तुमचा सोफा आधी उलटा करा. बुडाचं कापड सोडवा, शिवणींतून एखादं जुनं कार्ड फिरवा, टॉर्च मारून सांधे बघा. "कित्येक महिने कोणी बसलेलंच नाही" यावर विसंबू नका, ढेकूण महिनोन्महिने उपाशी जगतात. उन्हात ठेवून भागत नाही. 50 अंशांच्या वरची उष्णता आतल्या फटीपर्यंत पोचायला हवी, आणि उन्हाने बहुतेक वेळा वरचं कापडच तापतं. ढेकूण सापडले तर तो कुणालाही देऊ नका. कापड फाडून, वर ठळक अक्षरांत "ढेकूण आहेत" असं लिहून मगच बाहेर काढा, नाहीतर कोणीतरी चांगला समजून उचलून नेईल.

लाकडी पलंग भरीव लाकडाचा असेल तर त्याला मरण नाही. सांधे उकलून पुन्हा चिकटवता येतात, रंधा मारून पॉलिश करता येतं. फक्त बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर पुसून घ्या आणि काही दिवस थांबा. पुन्हा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. पलंग ठीक असेल तर फुकट देण्यापेक्षा थोड्या पैशांत विका. पैसे मोजणारा माणूस वस्तू नीट पारखतो आणि नको असेल तर नको म्हणू शकतो. फुकट घेणाऱ्याच्या तोंडून ते "नको" निघत नाही. आमच्याही निघालं नव्हतं.

पार्टिकल बोर्डचं कपाट सुटं करून देऊ नका. एकदा स्क्रू काढले की भोकं भुसभुशीत होतात, पुन्हा जोडलं तरी पहिल्यासारखं धरत नाही. जवळपास कोणी अख्खं उचलून नेणारं असेल तरच द्या. तळाची फळी पाण्याने फुगली असेल तर तो विषय संपला: बिजागऱ्या, मुठी, खणांचे रूळ, आरसा काढून ठेवा आणि बाकीचं मोठ्या कचऱ्याच्या गाडीत द्या. जाळू मात्र नका. त्यातल्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन असतं, आणि सोफ्याच्या फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो, दोन्ही विषारी वायू.

गादी मी कुणालाच देणार नाही. सगळ्याच वापरलेल्या गाद्या वाईट असतात असं नाही, पण आतलं दिसत नाही आणि माझा विश्वास बसत नाही. एखाद्या संस्थेला द्यायचीच असेल तर आधी फोन करून विचारा. न विचारता दारात नेऊन ठेवली तर ती फेकायचा खर्च त्यांच्याच माथी बसतो.

कपाट रस्त्याकडेला ठेवणार असाल तर दारं काढून ठेवा, मुलं आत शिरून अडकतात. उंच कपाट देताना भिंतीला जखडायच्या पट्ट्याही बरोबर द्या. बाळाचा पलंग असेल तर दांड्यांमधलं अंतर मोजा; 6 सेंमीपेक्षा जास्त असेल तर तो देऊ नका, मोडा.

तीच मुलगी गेल्या वर्षी स्वतंत्र राहायला लागली. दादाचा फोन आला, जेवणाचं टेबल देऊ का तिला? मी म्हटलं, उलटं करून फोटो पाठव. संध्याकाळी चार फोटो आले, खाली त्यानेच लिहिलं होतं: "मागचा उजवा पाय हलतो, दुरुस्त करून पाठवतो." सोफ्याबद्दल मात्र तो अजून काही बोललेला नाही.