लघु-गुरू लावूनही इंग्रजी कवितेतलं आयंबिक पेंटामीटर सापडत नाही. ते कानाला कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की यमाताराजभानसलगं, म्हणजे लघु-गुरूंचे तीन-तीनचे गण ओळखायचं सूत्र, पाठ आहे, मराठी वृत्त चटकन ओळखता येतं, मग इंग्रजी ओळीवर त्याच खुणा केल्या की सगळं विस्कटतं का. विस्कटणारच. आपलं वृत्त अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो ते मोजतं. इंग्रजी छंद मोजतो आघात, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर आवाजाचा जोर पडतो ते. इंग्रजीच्या बाबतीत अक्षर म्हणजे लिहिलेलं अक्षर नव्हे, तर एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, सिलॅबल: ‘ब्लाइंड’ किंवा ‘टोल्स’ हे एकच अक्षर.

‘सिटी’ हा साधा शब्द घ्या. आपल्या हिशोबानं सि लघु, टी गुरू. पण इंग्रज माणूस जोर देतो तो सि वर, टी नुसता घसरत जातो. म्हणजे आपण लावलेल्या खुणा नेमक्या उलट्या पडल्या.

या गोंधळात पाठ्यपुस्तकंही भर घालतात. आयंब, ट्रोकी, अ‍ॅनापेस्ट, डॅक्टिल ही इंग्रजी छंदातल्या गणांची नावं ग्रीकांकडून आलेली, आणि ग्रीक छंद आपल्यासारखाच ऱ्हस्व-दीर्घावर चालतो. तिथला अ‍ॅनापेस्ट म्हणजे हुबेहूब आपला स गण आणि डॅक्टिल म्हणजे भ गण. इंग्रजीनं नावं तीच ठेवली, पण गुरूच्या जागी आघात बसवला. फिलिप सिडनी आणि टॉमस कॅम्पियन यांच्यासारख्या कवींनी लॅटिनच्या, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्याच, धर्तीवर इंग्रजी कविता रचूनही पाहिल्या. त्यांतल्या काही सुंदर आहेत, पण ती वाट पुढे रुळली नाही. भाषेच्या कानाला जे ऐकू येत नाही त्यावर छंद उभा राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आपण मराठी बोलणारे इंग्रजी वाचताना प्रत्येक अक्षर नीट, पूर्ण उच्चारतो. त्यामुळे आघात बुजून जातो. म्हणून आधी कान तयार करा. शब्दकोशात उच्चारासोबत आघाताची खूण असते, ती पाहायची सवय लावा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की मागची अक्षरं आक्रसतात. मग ‘थ्री ब्लाइंड माइस, सी हाउ दे रन’ हे बालगीत टाळी देत म्हणा. पहिल्या तुकड्यात तीन अक्षरं, दुसऱ्यात चार, तरी टाळ्या दोन्हीकडे तीनच. ‘दे’ हे अक्षर दोन टाळ्यांमधल्या फटीत मावतं.

आता 1751 साली प्रसिद्ध झालेल्या टॉमस ग्रेच्या विलापिकेची पहिली ओळ: ‘द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे’. जोर कुठे? कर्, टोल्स, नेल, पार्, डे. दहा अक्षरं, पाच ठोके, प्रत्येक ठोक्याआधी एक हलकं अक्षर. हलकं-जड अशी एक जोडी म्हणजे आयंब, आणि अशा पाच जोड्यांची ओळ म्हणजे आयंबिक पेंटामीटर. ‘फ्यू’ दीर्घ आहे, ‘टिंग’ आपल्याकडे अनुस्वारामुळे गुरू झालं असतं, पण इथे दोन्ही हलकीच.

खरी गंमत पुढे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभाही तिथेच आहे. भुजंगप्रयातात ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ म्हणताना प्रत्येक लघु-गुरू आपल्या जागी असावाच लागतो. इंग्रजी छंद एवढा कडक नाही. तो मनात चालू राहणारा ठेका आहे, आणि प्रत्यक्ष वाक्य त्याला कधी धरून, कधी ताणून चालतं. शेक्सपिअरच्या 18व्या सुनीतातली ‘शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्स डे’ ही ओळ पाहा. छंदाप्रमाणे सहाव्या अक्षरावर, म्हणजे ‘टु’वर, ठोका येतो. पण ‘टु’ मुद्दाम जोर देऊन कुणी म्हणणार नाही. तो शेजारच्या ‘दी’ आणि ‘अ’पेक्षा किंचित वर उठतो, तेवढं पुरतं. म्हणजे आघात हा शेजाऱ्याच्या तुलनेत ठरतो. याच सुनीताची तिसरी ओळ ‘रफ विंड्स डू शेक’ अशी सुरू होते. ‘रफ’ आणि ‘विंड्स’ दोन्ही जड, लागोपाठ. ओळ तिथे अडखळते, आणि वादळी वाऱ्याबद्दल बोलताना तिनं अडखळायलाच हवं. मीटर म्हणजे अपेक्षा, ऱ्हिदम म्हणजे प्रत्यक्षात कानावर पडतं ते. अपेक्षा पक्की असल्याशिवाय हा धक्का जाणवत नाही, म्हणून नियमित ओळी आधी मुरू द्या.

वाचताना ओळ प्रथम गद्यासारखी, अर्थ लावत म्हणा. दोन-तीन अक्षरी शब्दांचे आघात शब्दकोशातून पक्के करा, कारण ते सहसा हलत नाहीत. द, ऑफ, अँड, टु अशा शब्दांना बहुतेकदा हलकं धरा. ठोके मोजा. छंदाचं नाव सगळ्यात शेवटी द्या. परीक्षेत नावाला गुण असतील, पण उलट्या क्रमानं गेलात तर कविता खुणांखाली दबून जाते.

ग्रेनंतर ब्लेकची वाघाची कविता घ्या: ‘टायगर टायगर, बर्निंग ब्राइट’. इथे जोर आधी आणि हलकं अक्षर नंतर, चार ठोके, शेवटचं हलकं अक्षर गाळलेलं. मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ थोडं मागे ठेवा. ठोके तिथेही पाचच आहेत, पण यमक नाही आणि वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं, त्यामुळे ओळ कुठे संपली हे फक्त कानानंच ओळखावं लागतं.