मेपलचा रस उकळताना फेस उतू जातोय? पहिल्या सीझनपुरतं एवढं बघा

पहिल्याच वर्षी मेपलच्या झाडाचा रस आटवून घरी सिरप (गोड पाक) करताय, मस्तच! फेस येणारच, घाबरू नका, सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

- भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. ४० लिटर रसाचं जेमतेम १ लिटर सिरप होतं, म्हणून नवीन माणूस काठोकाठ भरतो आणि तिथेच फसतो. रस आटेल तसा थोडा थोडा घालत राहा.
- फेस चढायला लागला की लोण्याचा मोहरीएवढा कण टाका, नाहीतर सूर्यफूल तेलाचा एक थेंब. टाकल्या टाकल्या बुडबुडे फुटतात आणि सगळा फेस बसतो, बघत राहावंसं वाटतं! अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याकडचे जुने शेतकरी भांड्यावर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगून ठेवायचे, फेस तिथवर चढला की आपोआप खाली. पण चमचाभर ओतू नका हं, तवंग येतो आणि चव जाते. सिरप कोणाला देणार असाल तर तेलच बरं, दुधाची अ‍ॅलर्जी असते लोकांना.

आणि शेवटी शेगडीजवळून अजिबात हलू नका. सिरप साधारण १०४ अंश सेल्सियसला होतं, त्याच्या जरा आधी बुडबुडे बारीक, दाट, सोनेरी होतात आणि फोन बघेपर्यंत सगळं शेगडीवर सांडलेलं असतं, त्यामुळे तेव्हा आच कमी आणि थर्मामीटर भांड्यातच.

हायड्रोमीटर (सिरपची घनता मोजायचं साधन), फिल्टर प्रेस (सिरप गाळायचं यंत्र) वगैरे पुढच्या वर्षी बघू.