दुबईत शिकवायला जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी साताऱ्याजवळच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दुबईतल्या एका भारतीय शाळेची ऑफर आली आहे. महिना 5,000 दिरहम, त्यात मूळ पगार 2,000. होकार देऊ का?

उत्तर: आधी त्या 2,000 कडे बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तिथे फक्त मूळ पगारावर मोजतात. किमान एक वर्ष भरलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचा मूळ पगार, असा हिशेब. मूळ पगार 2,000 असेल तर वर्षाचे 1,400 दिरहम होतात, 4,000 असेल तर 2,800. पाच वर्षांत 7,000 दिरहमांचा फरक पडतो. एकूण आकडा तोच ठेवून भत्ते कमी आणि मूळ पगार जास्त करून मागा. शाळेवर महिन्याचा बोजा वाढत नाही, त्यामुळे संकोच करू नका. आपल्याकडच्या शिक्षिका हे विचारायला लाजतात आणि पाच वर्षांनी हळहळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा घराचा. शाळा राहायला जागा देते की भत्ता? भत्ता देत असेल तर पहिल्याच महिन्यात मोठी रोकड लागते. भाडं वर्षाच्या बोलीवर असतं आणि ते पुढच्या तारखांच्या चेकने आगाऊ द्यावं लागतं. ते चार-सहा चेकमध्ये विभागून घेणारा मालक भेटला तर बरं. वर साधारण 5 टक्के अनामत, एजंटची दलाली आणि फ्लॅटच्या वीज-पाण्यासाठी 2,000 दिरहम डिपॉझिट. नव्याने आलेल्या माणसाकडे चेकबुकच नसतं, म्हणून बहुतेकजण सुरुवातीला बेडस्पेस घेतात, म्हणजे एका खोलीत तिघी-चौघी. निदान पहिलं वर्ष शाळेचीच जागा मिळेल का, हे जरूर विचारा.

व्हिसा आणि वर्क परमिटचा खर्च कायद्याने शाळेचा आहे. ‘नंतर पगारातून कापू’ म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. पासपोर्टही स्वतःकडेच ठेवायचा. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशा क्रमाने शिक्के घ्यावे लागतात. यात आठवडे जातात. होकार कळवाल त्याच दिवशी कामाला लागा.

प्रश्न: शारजात भाडं कमी आहे म्हणतात. शाळा दुबईत. रोज ये-जा जमेल का?

उत्तर: शाळेची स्टाफ बस तुमच्या दारावरून जात असेल तर जमेल, नाहीतर नको. मेट्रो शारजापर्यंत जात नाही आणि सकाळी दुबई-शारजा जोडणाऱ्या इत्तिहाद रोडवर गाड्या तुंबलेल्या असतात. पहाटे पाचला उठून, डबा भरून, बसमध्ये झोप पुरी करणाऱ्या शिक्षकांचं दुपारनंतर वर्गात काय होतं ते मी बघितलं आहे. भाड्यात वाचलेले पैसे अंगावर निघतात. त्यापेक्षा करामा किंवा बर दुबईत खोली वाटून घ्या. मेट्रो जवळ, मीना बाजारात आपल्या भाज्या-डाळी, आणि खाडी ओलांडायला एका दिरहमात अब्रा, म्हणजे तिथली लाकडी होडी. मेट्रोत महिला-मुलांसाठी वेगळी जागा असते. मेट्रोच्या डब्यात खाल्लं-प्यायलं तर मात्र 100 दिरहम दंड होतो, बिस्किटसुद्धा चालत नाही.

प्रश्न: दिवाळीला आई येणाऱ्या कुणाबरोबर अनारसे आणि करंज्या पाठवणार आहे. विमानतळावर अडवतील का?

उत्तर: अनारसे पाठवू नका, असं आईंना आजच सांगा. खसखस अमिरातीत निषिद्ध आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते. अनारशाच्या एका बाजूला चिकटलेली ती पांढरी खसखस आणणाऱ्या माणसाला गजाआड नेऊ शकते, आणि पिशवी आपल्यासाठी कुणी दुसरा घेऊन येतोय हे विसरू नका. पुष्कळ घरांत करंजीच्या सारणातही भाजलेली खसखस असते. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाल्यातही असते. आईंना प्रत्येक डब्याबद्दल वेगळं विचारा. खसखस न घातलेले चिवडा, चकल्या, शंकरपाळे बिनधास्त येऊ द्या. अनारशांचं पीठ तिथेच करून पांढऱ्या तिळावर थापा, छान होतात.

हीच काळजी औषधांची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या तिथल्या सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका, घरी उरलेली अर्धी पट्टीसुद्धा.

प्रश्न: रमजानमध्ये शाळेत कसं वागायचं?

उत्तर: शाळेचे तास कमी होतात. दुबईतल्या खासगी शाळांचा दिवस साधारण पाच तासांवर येतो. डबा नेमून दिलेल्या खोलीत खा, वर्गात पाण्याची बाटली उघडू नका. उपास धरलेल्या मुलांना दुपारच्या तासाला नवा धडा देण्यापेक्षा उजळणी घ्या.

प्रश्न: पालक घरी शिकवणी घ्या म्हणून मागे लागलेत. सगळेच घेतात. मीही घेऊ?

उत्तर: परवाना काढून घ्या. डिसेंबर 2023 पासून अमिरातीत खासगी शिकवणीसाठी वेगळं परमिट मिळतं. ते दोन वर्षांचं असतं, शुल्क लागत नाही आणि अर्ज मनुष्यबळ मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा. शाळेचं ना-हरकत पत्र मात्र लागतं. मुख्याध्यापक ते देत नसतील तर शिकवणी घेऊ नका, व्हिसा त्यांच्याच हातात आहे. आणि परमिट मिळालं तरी स्वतःच्या वर्गातला विद्यार्थी शिकवणीला घेऊ नका. त्याला जरा बरे गुण पडले की बाकीचे पालक बोट दाखवणार, आणि त्यांचं चुकत नाही.