टेन्शन घेतलं तर आयव्हीएफ फेल जातं का?

मी समुपदेशक आहे. आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडायची ट्रीटमेंट) चालू असलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी हाच प्रश्न येतो, मॅडम मी खूप टेन्शन घेते, त्यामुळे माझी सायकल (म्हणजे ट्रीटमेंटची ही फेरी) फेल जाईल का? काहीजणी तर विचारतही नाहीत, जाणारच असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. म्हणून एका केसबद्दल लिहितेय. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर लालबागला चाळीत, एकच खोली, सासू-सासरे, दीर आणि हे दोघं. नोकरी अंधेरीला, म्हणजे रोज करी रोडहून दादर आणि दादरला ब्रिज चढून वेस्टर्नची गाडी. पहिली सायकल निगेटिव्ह गेलेली, गोठवून ठेवलेला गर्भही उरला नव्हता, म्हणून सगळं परत पहिल्यापासून, तीच इंजेक्शनं, तेच पिकअप (स्त्रीबीजं काढणं), तेच ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं). घरातले वाईट नव्हते हो, उलट सगळे काळजीनेच सांगायचे, टेन्शन घेऊ नकोस, मन प्रसन्न ठेव, हसत राहा म्हणजे राहील. आणि या सगळ्याचं तिच्या डोक्यात काय झालं होतं तर, ती मला म्हणाली, "मागच्या वेळी ट्रान्सफरनंतर मी एकदा खूप रडले होते, मला वाटतं तेव्हाच मी त्याला मारलं."

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मला त्या 'टेन्शन घेऊ नकोस'चाच राग येतो. आधीच बाई सुया टोचून घेतेय, सोनोग्राफीला चकरा मारतेय, पैसे कुठून आणायचे ते बघतेय, आणि त्यात रडू आलं तर तोही गुन्हा.

तिला मी शांत हो म्हटलं नाही, आधी माहिती दिली. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितलेला एक रिसर्च आला होता, साडेतीन हजारांहून जास्त बायका होत्या त्यात. सायकल सुरू व्हायच्या आधी ज्यांना जास्त टेन्शन होतं आणि ज्यांना कमी होतं, त्यांच्या प्रेग्नन्सीच्या रिझल्टमध्ये फरक सापडला नाही. गर्भ रुजत नाही त्यात मोठा वाटा गर्भातल्या गुणसूत्रांच्या गडबडीचा असतो, वयाप्रमाणे ती वाढते, आणि ती रडून होत नाही की हसून जात नाही. ट्रान्सफरनंतर झोपून राहिल्यानेही चान्स वाढत नाही, त्यामुळे दादरचा ब्रिज चढले म्हणून गेलं हेही तिने मनातून काढावं असं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हे माझ्या मिस्टरांना सांगाल का?

मिस्टर आले आणि खरी गोष्ट तिथे कळली. घरात आडोसा म्हणजे मोरी, ती मोरीत उभी राहून स्वतःच पोटात इंजेक्शन घ्यायची. इंजेक्शनची पेनं फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लपवलेली, वर कोथिंबीर. हा बाहेर उभा राहायचा पण बोलायचा नाही, कारण आपण विषय काढला तर ती रडेल आणि रडली तर नुकसान होईल. ती याच्यासमोर हसायची कारण पॉझिटिव्ह राहायचंय. म्हणजे एका खोलीत राहून दोघं एकमेकांपासून तेच लपवत होते. त्या दिवशी माझ्यासमोर दोघंही रडले आणि मी त्यांना रडू दिलं.

नंतर जे केलं ते साधंच होतं. संध्याकाळी पाव तास काळजीसाठी ठेवला, तेव्हा वहीत मनातलं सगळं लिहायचं आणि बाकी वेळी डोक्यात आलं की 'संध्याकाळी बघू'. रात्री दोनला फोनवर लक्षणं शोधणं बंद, कारण ट्रीटमेंटमध्ये दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळेच छाती जड होते, पोट फुगतं, झोप येते, त्यावरून राहिलंय की नाही काहीच कळत नाही. घरची युरिन टेस्टही नको, पिकअपआधीच्या ट्रिगरच्या इंजेक्शनमधलं एचसीजी (ही टेस्ट जे शोधते तेच हार्मोन) अंगात असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि लवकर केली तर खोटी निगेटिव्ह. बीटाचा (प्रेग्नन्सीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट कोण घेणार, फोन आल्यावर ती कुठे असेल, घरी कोण सांगणार, हे आधीच ठरवलं. चाळीतल्या काकू यंदा राजाला नवस केलास का विचारायच्या, त्यांच्यासाठी एक उत्तर ठरवलं, "डॉक्टरांचं चालू आहे, काही असलं की सांगूच," आणि लगेच दुसरा विषय.

सासूबाईंना त्या दोघांनी मिळून सांगितलं. त्यानंतर रात्री इंजेक्शनची वेळ झाली की सासूबाई सासऱ्यांना आणि दिराला गॅलरीत पाठवायच्या, दार ओढून घ्यायच्या, आणि ही पलंगावर बसून नवऱ्याच्या हाताने इंजेक्शन घ्यायची. श्रीखंडाचा डबा गेला, पेनं फ्रीजच्या दारात आली.

दुसऱ्या वेळी बीटा काय आला ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. पॉझिटिव्ह लिहिला तर कुणीतरी म्हणणार बघ, ती शांत झाली म्हणून राहिलं, आणि निगेटिव्ह लिहिला तर मग समुपदेशनाचा उपयोग काय. समुपदेशनाने प्रेग्नन्सी राहते असं मी कुणाला कधी सांगत नाही. ट्रीटमेंटचे दिवस माणसासारखे जावेत, नवरा-बायकोत बोलणं राहावं, यासाठी ते असतं.

तुमची सायकल चालू असेल तर क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे का ते सरळ विचारा, २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे समुपदेशन देणं क्लिनिकचं काम आहे, मेहरबानी नाही. आणि झोप, जेवण पूर्ण उडालं असेल, रोजची कामं होत नसतील किंवा जगणं नको वाटत असेल तर बीटाची वाट बघत थांबू नका, तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.