आयनिक द्रव वापरताय? आधी पाणी मोजा

आयनिक द्रव, म्हणजे खोलीच्या तापमानाला द्रव राहणारे क्षार, विद्युत-रसायनात सॉल्व्हंट म्हणून वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या काहींची ही उत्तरं.

प्रश्न : आयनिक द्रवात वेगळा सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइट (वीज वाहावी म्हणून घालायचा क्षार) घालावा लागतो का?

नाही. द्रव स्वतःच आयनांचा आहे.

प्रश्न : आमच्याकडे बीएमआयएम-एनटीएफ२ हा इमिडॅझोलियम आयनिक द्रव आहे. तो जलविरोधी असतो असं सगळेच सांगतात. मग सुकवायचा कशाला? एकदा सुकवून महिनाभर डेसिकेटरमध्ये ठेवला तर चालेल ना?

नाही चालणार. या ऐकीव समजुतीपायी कितीतरी चांगली मोजमापं फुकट जातात. जलविरोधी म्हणजे एवढंच की हा द्रव पाण्यात मिसळून जात नाही, वेगळा थर धरतो. पाणी शोषत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. पाण्याला लागून ठेवलात तर वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी तो सामावून घेतो, आणि जुलैतली मुंबईची किंवा कोकणातली हवाही त्याला पुरते.

हिशोब करून पाहा. या द्रवाची घनता सुमारे १.४४ ग्रॅम प्रति मिली. पाणी १००० पीपीएम (वजनाने दहा लाखांत १००० भाग) धरलं तर एका मिलीत १.४४ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ८० मिलिमोल. तुम्ही फेरोसीन (चाचणीसाठी नेहमी वापरलं जाणारं संयुग) घालता ५ मिलिमोलर. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्या सोळापट पाणी भांड्यात आहे, आणि ऋण टोकाला दिसणारा प्रवाह तुम्ही द्रवाच्या विघटनाचा समजताय! शिवाय पाण्याने व्हिस्कॉसिटी उतरते, विसरणांक (रेणू द्रवात किती वेगाने पसरतात याचं माप) वाढतो. सोमवारचा आणि शुक्रवारचा आलेख जुळत नाही तो यामुळे.

सुकवण्याची रीत अशी. फ्लास्क एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, कारण सुरुवातीला फेस येतो. चुंबकाने ढवळत राहा, तापमान ७० ते ८० अंश, पंपाला कोल्ड ट्रॅप, निर्वात ०.१ मिलिबारच्या खाली, वेळ २४ ते ४८ तास. पृष्ठभाग हलता राहिला नाही तर वेळ वाया जातो. घट्ट द्रवातून पाणी आपणहून वर येत नाही. घाई म्हणून तापमान चढवलंत तर द्रव पिवळा पडण्याची भीती. मग कार्ल फिशर कूलोमेट्रीने पाणी मोजा, मोजमापाच्या आधी आणि नंतरही, त्याच दिवशी. १०० पीपीएमच्या खाली आणायचं ध्येय ठेवा. कॉलेजात यंत्र नसेल तर जवळच्या औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत विचारा, तिथे ते रोज चालतं. मात्र नमुना बंद सिरिंजमध्ये न्या. आणि निबंधात पाण्याचा आकडा लिहा. तो नसेल तर बाकीचे आकडे कुणी का मानावेत?

पीएफ६ किंवा बीएफ४ हे ऋण आयन असलेल्या द्रवांना ही रीत जशीच्या तशी लावू नका. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की त्यांचं जलविघटन होतं. आधी मार्गदर्शकांशी बोला.

प्रश्न : एका आयनिक द्रवाच्या विक्री-पत्रकात विंडो (द्रव न विघटता वापरता येणारा व्होल्टेजचा पल्ला) ६ व्होल्ट आणि शुद्धता ९९ टक्के लिहिली आहे. घ्यावा का?

इलेक्ट्रोड कोणता, स्कॅनचा वेग किती, कोणत्या प्रवाहघनतेला टोक धरलं, हे लिहिलेलं नसेल तर ६ व्होल्ट या आकड्याला काही किंमत नाही. ०.१ ऐवजी १ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंमी धरलं की तोच द्रव कागदावर रुंद होतो. इमिडॅझोलियम क्षारांत ग्लासी कार्बनवर साधारण ४ ते ४.५ व्होल्ट मिळाले तर ठीक समजा. ऋण बाजूला अजून जायचं असेल तर पायरोलिडिनियम पाहा.

९९ टक्क्यांत पाणी आणि हॅलाइड धरलंय का, तेही विचारा. बनवताना उरलेलं क्लोराइड विंडोच्या आतच ऑक्सिडाइज होतं आणि नसलेलं शिखर दाखवतं. थोडा द्रव पाण्याबरोबर हलवा, पाण्याचा थर घ्या, विरळ नायट्रिक आम्लाचे थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. गढूळ झालं तर द्रव अजून धुवायला हवा. स्वच्छ राहिलं म्हणजे क्लोराइड शून्य, असं मात्र नाही; शंका असेल तर आयन क्रोमॅटोग्राफी करून घ्या. बॅचचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

प्रश्न : फेरोसीनच्या आलेखातल्या दोन शिखरांत १४० मिलिव्होल्टचं अंतर येतं, उंचीही फार कमी. अभिक्रिया अपरिवर्तनीय आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. आधी आयआर ड्रॉप (द्रवाच्या रोधामुळे होणारी व्होल्टेजची घट) तपासा. रेफरन्स इलेक्ट्रोडचं (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो त्याचं) टोक वर्किंग इलेक्ट्रोडच्या जवळ आणा, लहान चकतीचा इलेक्ट्रोड वापरा, पोटेन्शिओस्टॅटचं कॉम्पेन्सेशन चालू करा. स्कॅनचा वेग घटवल्यावर अंतर ५९ कडे सरकलं तर दोष बहुधा रोधाचा. तरी संथ इलेक्ट्रॉन-हस्तांतरही असंच दिसतं, म्हणून निष्कर्षाआधी जाणकाराला आलेख दाखवा. उंचीचं कारण सरळ आहे. इथे फेरोसीनचा विसरणांक असिटोनायट्राइलमधल्यापेक्षा सुमारे शंभरपट कमी, आणि शिखर त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून ते दहाव्या हिश्श्यावर येतं.

प्रश्न : पाण्यातला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स चालेल?

नको. पाणी आणि क्लोराइड दोन्ही झिरपतात. त्याच आयनिक द्रवात १० मिलिमोलर सिल्व्हर ट्रायफ्लेट घालून, फ्रिटमागे (सच्छिद्र पडद्यामागे) चांदीची तार ठेवा आणि शेवटी फेरोसीनशी पडताळा.

प्रश्न : हे द्रव 'ग्रीन' आहेत, मग हातमोज्यांची गरज काय?

वाफ होत नाही म्हणून निरुपद्रवी, हे जाहिरातीतलं बोलणं आहे. हातमोजे घाला. सिंकमध्ये ओतू नका.

प्रश्न : बीएमआयएम-पीएफ६ ची जुनी काचेची बाटली आतून धुरकट झाली आहे. सुट्टीनंतर पाहिलं तर चालेल का?

आजच पाहा. काच धुरकट होणं हे हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार झाल्याचं लक्षण असू शकतं. बाटली उघडू नका, हुंगू नका, दुसऱ्या भांड्यात ओतू नका. सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा. बाटली त्यांच्याच देखरेखीखाली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, चालू फ्यूमहूडखाली हलवा. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवं. त्वचेला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळा आणि दुखत नसलं तरी थेट रुग्णालयात जा. तिथे हायड्रोफ्लोरिक आम्ल हे नाव घेऊनच सांगा.